नास्तिक मित्राशी बोलताना

प्रिय बाळा, जय ख्रिस्त.

देव न मानणारा मित्र जिवाभावाचा झालाय, त्याच्याशी विश्वासाबद्दल बोलायचं कसं, असं तू विचारलंस. आधी जागा बदल. चर्चगेट फास्टच्या गर्दीत हा विषय काढू नकोस. शेजारचे चौघे कान देतात, मग तुम्ही दोघं त्यांना ऐकवायला बोलू लागता आणि दादर येईस्तोवर भांडण होतं. शिवाजी पार्कचा कट्टा गाठा, तासभर मोकळा ठेवा.

त्याचं म्हणणं तुझ्या शब्दांत त्यालाच सांगून बघ. ‘हो, हेच म्हणतोय मी,’ असं तो म्हणेपर्यंत उत्तर देऊ नकोस. तो म्हणतो, पुरावा दिसत नाही. आपण ऐकतो, याला नीतीच नको. शब्द पाळणाऱ्या माणसाला हे फार लागतं.

तूही नेमकं बोल. रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या काळात येशूला मृत्युदंड झाला, हे टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही लिहिलंय. पुनरुत्थानावर, म्हणजे तो मेलेल्यांतून उठला यावर, आपला विश्वास आहे. दोन्ही एकाच दमात ‘सिद्ध’ म्हटलंस, की तो पहिल्यावरही शंका घेणार, आणि त्यात त्याची चूक नाही. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हण, वाचून ये.

सगळ्यात जास्त घोळ दुःखाच्या वेळी होतो. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, अवाक्षर बोलले नाहीत. तिथवर ते चांगलेच मित्र होते. मग त्याच्या दुःखाची कारणं सांगू लागले, आणि शेवटच्या अध्यायात देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर. म्हणून मित्राचे वडील केईएममध्ये असतील, तर वॉर्डाबाहेर ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. डबा ने, रात्री थांब, रक्त लागलं तर धावपळ कर. प्रार्थना घरी कर. त्याच्यासमोर करायची तर आधी विचार; नको म्हणाला तर विषय तिथेच सोड.

बाप्तिस्म्याचा हिशेब मनात ठेवून मैत्री करू नकोस. त्याला ते कळतं, आणि एरवीचा चहासुद्धा संशयाचा होतो.

सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेला तो येईलच. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यायचं म्हणाला, तर आधीच सांग की बाप्तिस्मा न झालेल्यांनी कम्युनियन, म्हणजे मिस्सात वाटली जाणारी पवित्र भाकर, घ्यायचं नसतं, त्या वेळी बाकावरच बसायचं. ऐन वेळी सांगितलंस तर बिचारा अवघडून जाईल. आणि त्याने अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) सभेला बोलावलं तर तूही जा. औषधं बंद करायला लावून ‘चमत्काराने बरं करतो’ म्हणणाऱ्याच्या विरोधात तुम्हा दोघांना एकत्र उभं राहता येतं, मग तो फसवणारा आपल्यातला का असेना.

तुझा,
काका