स्टोइक विचारांनी खरंच मन शांत होतं का? रोजच्या जगण्यात ते कसे आणायचे?

तुम्ही लिहिलंय की नोकरीचं टेन्शन, आईचं आजारपण, लोक काय म्हणतील, सगळं अंथरुणाला पाठ टेकली की डोक्यात सुरू होतं, आणि स्टोइकांचे, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधल्या एका पंथाच्या तत्त्वज्ञांचे, व्हिडिओ बघूनही फरक पडला नाही. त्या बहुतेक व्हिडिओंत 'भावना दाबा, दगड व्हा' एवढंच असतं, त्यामुळे नवल नाही. सेनेका या रोमन स्टोइकानं तर मित्र गेलेल्या माणसाला पत्रात लिहिलंय की डोळे कोरडे राहू नयेत, फक्त पूर येऊ नये.

मी सांगलीचा, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. माझ्या मते सुरुवात एपिक्टेटस या स्टोइक गुरूपासून करावी. हा माणूस गुलामगिरीत वाढला, पायानं अधू होता. पुढं रोममध्ये शिकवायला लागला तर सम्राट डोमिशियननं तत्त्वज्ञांनाच शहराबाहेर काढलं, मग ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन शाळा काढली. त्याचं पहिलंच सांगणं असं: आपलं मत, आपली इच्छा, आपण काय करायचं ठरवतो, हे आपल्या हातात. शरीर, पैसा, नाव, पद हे नाही.

सांगलीकराला हे लगेच कळतं. पावसाळ्यात कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांच्या वर गेली होती. तेव्हापासून जुलै उजाडला की ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल: कोयनेतून किती क्यूसेक सोडलं, अलमट्टीतून विसर्ग किती, आयर्विनला आत्ता किती. रात्री दोनला उठूनसुद्धा बघणारे आहेत. बघितल्यानं पाणी इंचभर उतरत नाही.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत, एकट्याच राहतात. पाणी पात्राबाहेर पडायच्या बेताला आलं की त्या कामाला लागतात. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या साड्या, घराचे कागद, रेशन कार्ड, बीपीच्या गोळ्या, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंडाला सुतळी बांधून पोटमाळ्यावर. धान्याचा डबा टेबलावर. मिरजेच्या भाचीला फोन, "येईन बहुतेक, गादी काढून ठेव." मग आमटी-भात खाऊन झोपतात. मी एकदा विचारलं, काकू, झोप लागते कशी? म्हणाल्या, "माझं करायचं ते झालं. आता पाण्याचं पाणी बघंल."

'हातात नाही ते सोडून द्या' हा सल्ला जो तो देतो, पण पोटमाळ्यावर पिशवी चढवायचं काम त्यातून गळतं. ती पिशवी न चढवता 'पाण्याचं पाणी बघंल' म्हणणं ही निव्वळ बेफिकिरी. रोमन वक्ता सिसेरोनं स्टोइकांची बाजू मांडताना तिरंदाजाचा दाखला दिलाय: नेम धरण्यात कसूर ठेवायची नाही, बाण लागणं न लागणं पुढचं. तुमच्या आईच्या बाबतीत म्हणजे रिपोर्टची फाईल तारखेप्रमाणे लावणं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून नेणं, गोळ्या वेळेवर देणं. रिपोर्ट काय येईल हे त्या यादीत बसत नाही. बॉसच्या मूडचंही तेच, पण त्यावर जास्त लिहीत नाही. बॉस सगळीकडे सारखेच.

रात्रीसाठी सेनेकाची एक सवय घ्या. दिवा विझला, बायकोही बोलायची थांबली की तो दिवसभराचा हिशोब तपासायचा: आज कुठं चुकलो, कुठं सावरलो. आणि चुकीवर स्वतःला म्हणायचा, पुन्हा करू नको, या वेळी माफ. शेवटचे तीन शब्द विसरू नका. नाहीतर तुमच्यासारखा विचार करणारा माणूस त्या हिशोबात पहाटेपर्यंत स्वतःलाच दंड लावत बसेल. आम्ही दुकानात सौद्यांची वही रोजची रोज मिटवतो, जुनी बाकी रात्रभर घोकत नाही.

संभाव्य संकटाची आधीच कल्पना करा, असंही स्टोइक सांगतात. तुम्हाला मी ते सध्या सांगणार नाही. तुमचं मन ते काम न सांगता करतंय.

सेनेका स्वतः गडगंज श्रीमंत, रोमन सम्राट नीरोचा गुरू, मग त्याचं काय ऐकायचं, असं कुणी म्हणेल. टीका त्याच्या काळातही झाली. पण इ.स. 65 मध्ये त्याच नीरोनं मरायचा हुकूम पाठवला, तेव्हा तो डगमगला नाही असं रोमन इतिहासकार टॅसिटसनं लिहून ठेवलंय.

मार्कस ऑरेलियस हा स्टोइक रोमन सम्राट, तो नंतर वाचा. त्याची टिपणं स्वतःसाठी होती, काही तर डॅन्यूब नदीकाठच्या लढायांच्या छावणीत लिहिलेली. पार्श्वभूमी माहीत नसेल तर नुसती सुविचारांची वही वाटते. आणि झोप न लागणं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर आईला दाखवायला जाल तेव्हा स्वतःचंही डॉक्टरांच्या कानावर घाला.