मत्स्यालयाचा दिवा: 18 हजारांचा की 60 हजारांचा?

प्रश्न: माझी खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे, सध्या ट्यूबवर चालते. ओळखीतले एक गृहस्थ छंद सोडताहेत. ते 250 वॉटचे दोन मेटल हॅलाइड दिवे (जुन्या पद्धतीचे, प्रखर आणि तापणारे) बॅलास्टसकट (दिव्याचा विद्युतप्रवाह आवरणारा भाग) 18,000 रुपयांना देताहेत. नवा बल्ब 5,000ला पडतो. 120 वॉटच्या एलईडींची नवी जोडी 60,000ची, बारा हप्त्यांत मिळते. पुढे अ‍ॅक्रोपोरा (भरपूर प्रकाश लागणारं कठीण प्रवाळ) ठेवायचा विचार आहे. घरात महिन्याला 320 युनिट लागतात. घरखर्च 50,000, शिल्लक 10,000, अडीअडचणीसाठी दीड लाख बाजूला आहेत. काय करू? (ठाणे)

उत्तर: जुना सेट घेऊ नका. मेटल हॅलाइडचा प्रकाश खोल टाकीच्या तळापर्यंत पोचतो, वाळूवर लाटांची झळाळी नाचते. ती एकदा पाहिली की मोह होणारच. पण 18,000 ही त्याची पूर्ण किंमत नव्हे.

आधी वीज. दिव्यांचे 500 वॉट आणि बॅलास्टमध्ये जाणारे साधारण 50. रोज 8 तास म्हणजे महिन्याला 132 युनिट. याला बिलाच्या सरासरी दराने गुणू नका. तुम्ही आधीच 320वर आहात, त्यामुळे ही वीज 301 ते 500च्या महाग टप्प्यात पडते. वहन आकार आणि वीज शुल्कासकट युनिटला 17 रुपये धरले (नेमका दर तुमच्या बिलावरून घ्या) तर 2,244 रुपये होतात. एलईडीच्या जोडीला 58 युनिट, म्हणजे 986. वर्षाचा फरक 15,000च्या वर. शिवाय हे बल्ब जळेपर्यंत वापरता येत नाहीत. साधारण वर्षभरात प्रकाशाचा रंग सरकतो, शेवाळ माजतं, दोन्ही बदलावे लागतात: आणखी 10,000. म्हणजे किमतीतला 42,000चा फरक वीस महिन्यांत वसूल.

उष्णता यात धरलेलीच नाही. प्रवाळांना 25 ते 27 अंशांचं पाणी लागतं आणि ठाण्याच्या मे महिन्यात एलईडीखालीही ते राखताना पंखे लावावे लागतात. मेटल हॅलाइडखाली चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) जवळपास अटळ. तो आला की बिल 500 युनिटांपलीकडे जाऊ शकतं, बाष्पीभवनामुळे आरओचं पाणीही जास्त लागतं. वीज क्षणभर जाऊन आली तरी तापलेला बल्ब निवल्याशिवाय पेटत नाही, हेही लक्षात असू द्या.

तरीही जोडी लगेच घ्या असं मी म्हणणार नाही. एवढा प्रकाश तुम्हाला अ‍ॅक्रोपोरासाठी हवा आहे आणि इथे मला खरी काळजी वाटते. कठीण प्रवाळ 2001पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातले घरी ठेवणं गुन्हा आहे. आयात केलेल्यांनाही साइट्सची (संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं आणि नोंदणी लागते. दुकानदार ‘सगळे ठेवतात’ म्हणाला तरी त्यावर पैसे लावू नका. जप्ती आणि खटल्याचा धोका तुमचा असतो, त्याचा नव्हे.

मासे आणि मशरूम, झोअँथिड यांसारखे मऊ, प्रवाळांसारखे जीव ठेवायचे असतील तर बरंच कमी प्रकाशात भागतं. त्यांचीही पक्की पावती घ्या. तीन महिने शिल्लक साठवा आणि 30,000चा एकच एलईडी रोख घ्या. तो अर्ध्या टाकीवर लावा, जीव त्याखाली ठेवा, उरलेल्या भागाला ट्यूब चालू द्या. वर्षभराने गरज वाटली तर दुसरा. बिनव्याजी म्हटल्या जाणाऱ्या हप्त्यांवरही प्रोसेसिंग शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो, त्या वाटेला जाऊ नका.

दीड लाखाला हात लावू नका. घरखर्चाच्या मानाने ते तीनच महिन्यांचे आहेत आणि मी सहा महिन्यांचे सुचवतो. पहिला दिवा आला की पुढची शिल्लक आधी तिकडे वळवा, दुसऱ्या दिव्याचा विचार त्यानंतर.