वाचकांचे प्रश्न : पॅलेट रॅकची खालची तुळई

प्रश्न : आमच्या गोदामात पॅलेट रॅक (उभे खांब आणि आडव्या तुळया यांची, पॅलेटवर म्हणजे सपाट तळफळीवर रचलेला माल ठेवायची मांडणी) बसवायचे आहेत. खाली उंच माल ठेवता यावा म्हणून सर्वांत खालची तुळई १.५ मीटरऐवजी ३ मीटरवर लावली तर चालेल का?

उत्तर : निर्मात्याकडून नव्याने हिशेब करून घेतल्याशिवाय मुळीच लावू नये. खांबाची ताकद केवळ पत्र्याच्या जाडीवर ठरत नाही. जमीन आणि पहिली तुळई यांमध्ये तो किती मोकळा राहतो यावरही ती ठरते, आणि सडपातळ खांबाची ही लांबी दुप्पट झाली की वाकण्यापूर्वी त्याला पेलता येणारा भार तत्त्वतः चौथाईवर येतो. समजा, प्रत्येक कप्प्यात ३ पातळ्यांवर १,००० किलोचे दोन-दोन पॅलेट आहेत. मधली चौकट, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन खांबांची जोडी, दोन्ही बाजूंच्या कप्प्यांचा अर्धा-अर्धा भार घेते. मग तिच्या प्रत्येक खांबावर सुमारे ३ टन वजन उतरते. एवढा भार अंदाजावर सोपवणे मला अमान्य आहे.

बसवताना खांब ओळंब्यात आणावेत, फरशीचा उतार लाकडाच्या तुकड्यांनी नव्हे तर पोलादी शिमांनी (पातळ पट्ट्यांनी) भरून काढावा आणि खांबांच्या तळाच्या बैठकीच्या पट्ट्या अँकर बोल्टने (फरशीत रोवायच्या बोल्टने) जखडाव्यात. तुळई खांबाच्या खाचेत अडकवून ठेवणाऱ्या, तिच्या दोन्ही टोकांच्या सेफ्टी पिना घाईत राहून जातात, हे मी वारंवार पाहिले आहे. फोर्कलिफ्टचा काटा खालून लागताच पिन नसलेली तुळई खाचेतून निसटते.