समुद्राचं काम, बेळगावात राहून

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. समुद्रजीवांसाठीच काम करायचं ठरवलंस, पण बेळगावात राहून काय होणार, असं तू विचारलंस. अगं, कणकुंबीला एकदा जाऊन ये. तिथे उगम पावणारी मलप्रभा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. आपली घाणही त्याच वाटांनी जाते.

संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये शाश्वत विकासाची 17 ध्येयं ठरवली, त्यातलं चौदावं समुद्राचं. त्यातलं पहिलंच कलम वाच: 2025 पर्यंत सागरी प्रदूषण लक्षणीय घटवायचं, विशेषतः जमिनीवरून येणारं. प्लास्टिक त्यात आहेच, खतांतलं नत्र-स्फुरदही आहे. मुदत टळून गेली. आपल्याकडे उसाला युरिया किती ओततात, ते घरीच विचार. पिकानं न उचललेलं नत्र पावसात ओढ्याला लागतं. किनाऱ्याशी पोचलं की शेवाळ माजतं, आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपून मासे गुदमरतात.

खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीचा करार 2023 मध्ये झाला, भारतानं 2024 मध्ये सही केली, जानेवारी 2026 पासून तो लागू आहे. काम मोठंच, पण ते देशांच्या हद्दीपलीकडचं. आपल्या बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याला कोण विचारतो?

तू विचार. जुन्या बेळगावच्या शिवारात जलपर्णीखालचं काळं पाणी दिसेल. तेच मार्कंडेयेतून घटप्रभेला, पुढे कृष्णेला जातं. नमुना घेताना बाटलीचं बूच पाण्याखालीच लाव. आत बुडबुडा राहिला तर प्राणवायूचा आकडा खोटा येतो. हातमोजे घाल. (बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायला आईला कसं पटवायचं, ते तुझं तू बघ.)

रसायनशास्त्र पक्कं कर, पोहणं मागाहून शिकता येईल. आणि कन्नड लिहा-वाचायला शीक, घरचे काय म्हणायचं ते म्हणोत. गोकाकच्या खालच्या अंगाचा शेतकरी पाण्याबद्दल बोलेल तो कन्नडमध्येच, आणि सरकारी कागदही बरेचसे त्याच भाषेत.

गोव्यात दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 मध्ये स्थापन झालेली. पुढे तिथे अर्ज करशील, तेव्हा एका नाल्याचे वर्षभराचे आकडे हाती असू देत. किनाऱ्यावरच्या फोटोंना तिथे कोणी विचारत नाही. मृगाच्या आधीच सुरुवात कर, पहिल्या पावसात साचलेली घाण एकदम सुटते. तारीख, वेळ, जागा तिथल्या तिथे वहीत लिही. पहिले आकडे आले की पाठव, मिळून बघू.