पुढची खुर्ची

चि. —, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक ईमेल दोनदा वाचला. पुढेमागे अमेरिकेच्या फेडरल अपील कोर्टात जज व्हायचंय, म्हणून फुकट लढवायला घेतलेली आश्रयाची केस सोडू का, असं विचारतेस. छापायला दिलेला लेख तर परत मागवलासही! का, तर उद्या जजच्या नावाची छाननी करणाऱ्या सिनेटच्या समितीने ते उकरून काढलं तर?

काढतीलच. त्यांचा फॉर्म मी पाहिलाय. छापलेला शब्द न् शब्द, भाषणं, दहा महत्त्वाच्या केसेस. आधी जज असशील तर वरच्या कोर्टाने फिरवलेले निकालसुद्धा. म्हणून काय कोरा कागद घेऊन जाणार आहेस? पुढच्या खुर्चीवर डोळा ठेवून आजचं लिहायचं नसतं.

अमेरिकेतले जज लर्नेड हँड बघ. १९१७, युद्ध पेटलेलं. न्यूयॉर्कच्या पोस्टमास्तरने एक युद्धविरोधी मासिक टपालात घ्यायला नकार दिला. त्यात लिबर्टी बेलचे, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्याचं प्रतीक असलेल्या घंटेचे, तुकडे झाल्याचं व्यंगचित्र होतं. हँड तेव्हा जिल्हा कोर्टात जज होते, अपील कोर्टातल्या जागेसाठी त्यांचं नाव चर्चेत होतं. तरी त्यांनी मासिकाच्या बाजूने निकाल दिला: कायदा मोडा असं थेट सांगितलेलं नाही, तर सरकारवरची टीका हा गुन्हा नव्हे. अपिलात निकाल फिरला, बढतीही हुकली. १९१८ मध्ये ती जागा मार्टिन मॅन्टन यांना मिळाली. ते मॅन्टन १९३९ मध्ये न्याय विकल्याबद्दल दोषी ठरले, तुरुंगात गेले. हँडना अपील कोर्ट मिळालं १९२४ मध्ये, सुप्रीम कोर्ट कधीच नाही. आणि १९६९ मध्ये ब्रँडेनबर्ग खटल्यात सुप्रीम कोर्ट जवळपास त्यांच्याच कसोटीपाशी येऊन पोचलं. ते पाहायला हँड नव्हते.

याच हँडनी १९५० मध्ये कम्युनिस्ट नेत्यांची शिक्षा कायम केली. तो निकाल मला आजही पटत नाही. पण तेव्हा ते ७८ वर्षांचे, कुठलीच खुर्ची मिळवायची राहिली नव्हती. जे लिहिलं ते स्वतःच्या बुद्धीने.

मला फर्मने भागीदार केलं नाही. एका मोठ्या अशिलाला न आवडणारी केस मी सोडली नाही म्हणून. काकू अजून टोमणे मारते. हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू! पण त्या केसची ब्रीफ, म्हणजे माझा लेखी युक्तिवाद, आजही कुणालाही दाखवतो.

तेव्हा पुन्हा सांगतो, आणि कंटाळलीस तरी सांगेन: पुढची खुर्ची बघून लिहू नकोस. तुझ्या अशिलाची तारीख कधी आहे ते कळव. लेख आजच परत छापायला पाठव. तिसरं पान मात्र पसरट झालंय, ते आधी निम्मं काप.

तुझा,
काका