बायपोलरच्या गोळ्या स्वतःहून बंद केल्या तर काय होतं?

तुम्ही विचारलंय, भाऊ सहा महिने एकदम नॉर्मल आहे मग लिथियम बंद केलं तर चालेल का. नका करू हो, प्लीज. तो बरा आहे तो गोळ्यांमुळेच. लिथियम अचानक सोडलं की मेनिया, म्हणजे बायपोलरमधला अति उत्साहाचा झटका, उलटून येण्याचा धोका खूप वाढतो, पुष्कळदा काही आठवड्यांतच, आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो. आमच्या दादाने असंच केलेलं, कपाटात शर्टांखाली न फोडलेल्या स्ट्रिपा सापडल्या तोवर तो रात्री तीनला उठून भांडी घासत होता, झोप नाही, बोलणं थांबत नाही, आणि आईला वाटायचं पोरगं उत्साहात आहे. झोप कमी झाली की लगेच सावध व्हा.

हात थरथरतात, वजन वाढलं म्हणून सोडायचंय का? मग तेच डॉक्टरांना सांगा ना, रक्तातली लिथियम लेव्हल बघून डोस बदलता येतो, आणि बंद करायचंच ठरलं तरी निदान ४ आठवडे, शक्यतो ३ महिने घेऊन हळूहळू उतरवतात. लॅमोट्रिजिन ही बायपोलरचीच दुसरी गोळी पण चालू असेल आणि पाचेक दिवस खंड पडला असेल तर परत जुन्याच डोसवर जायचं नाही, अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं, आधी डॉक्टरांना विचारा. डॉक्टर लगेच भेटत नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.