बी.टेक. होऊन अ‍ॅसिड विकायचं?

प्रश्न : मुलगी अन्नतंत्रज्ञानाच्या बी.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सरबतं, गोळ्या-चॉकलेटं बनवणाऱ्यांना सायट्रिक, मॅलिक अशी अ‍ॅसिडं पुरवणारी एक कंपनी तिला मार्केटिंगमध्ये घेते आहे. इतकं शिकून एमआयडीसीत दारोदार फिरायचं? मी नकार कळवायला सांगितलंय. एमपीएससीतून अन्न सुरक्षा अधिकारी व्हावं. बरोबर ना? – एक पालक, सांगली

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. मुलीला काय वाटतं, याची एक ओळही त्यात नाही. निर्णय तुम्ही घेऊन टाकलाय आणि माझ्याकडून फक्त शिक्का हवाय. तो मी देणार नाही.

एमपीएससी द्यायची तर जरूर द्यावी, पण जागा कधी निघतील ते कुणाच्या हातात नसतं. एम.टेक.साठी गेटची प्रवेश परीक्षाही आहे. दोन्ही तिला हवं असेल तरच.

‘दारोदार’ हा मात्र गैरसमज. हा माल बडबडीवर खपत नाही. समजा, सरबताची पावडर बनवणाऱ्याने स्वस्त मिळतं म्हणून अनहायड्रस, म्हणजे पाण्याचा अंश नसलेल्या सायट्रिकऐवजी सायट्रिक मोनोहायड्रेट घेतलं. त्यात साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. वजन तेवढंच टाकलं तर आंबटपणा कमी पडतो, वर पावडरीत गुठळ्या होतात. गोळीवाला पाक शिजतानाच अ‍ॅसिड घालतो. साखरेचं विघटन होतं आणि पावसाळ्यात गोळी कागदाला चिकटते. ते शिजवून झाल्यावर, शेवटी घालायचं. सरबतवाला सोडियम बेंझोएट (सरबत टिकवणारं परिरक्षक) आणि अ‍ॅसिड दाट द्रावणातच एकत्र करतो आणि तळाशी पांढरा साका बसतो. आधी बेंझोएट पाण्यात पूर्ण विरघळवायचं, बॅच पातळ झाली की अ‍ॅसिड. स्टीव्हियासारख्या गोडीची मागे रेंगाळणारी चव झाकायला मॅलिक बरं, कारण त्याचा आंबटपणा जिभेवर जास्त वेळ टिकतो. हे सांगता येणाऱ्याला आर अँड डी विभाग आत बोलावतो. बाकीचे परचेसच्या बाकड्यावर बसतात.

ऑर्डरही एका भेटीत येत नाही. आधी नमुना आणि त्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र, मग प्रयोगशाळेतली चाचणी, कारखान्यातली बॅच, टिकवणकाळाची तपासणी, क्यूएची, म्हणजे गुणवत्ता विभागाची मंजुरी. भाव सगळ्यात शेवटी.

खरी कटकट वेगळीच आहे : उधारीची वसुली. शिवाय सायट्रिकमध्ये चीनच्या भावाशी झुंज. नुसती आयात करून गोणी पुढे सरकवणारी कंपनी असेल तर तिथे ती फक्त दर पाठ करेल. अशी नोकरी मीही नको म्हणेन.

म्हणून होकार-नकाराआधी तिने विचारावं : पदार्थ करून बघायला कंपनीची स्वतःची प्रयोगशाळा आहे का? पहिले काही महिने तिथे काम मिळेल का? पगारात ठरलेला भाग किती, इन्सेंटिव्ह किती? वसुली कुणाच्या गळ्यात? महिन्यातले किती दिवस फिरती, आणि मुक्कामाची सोय काय?

हे तिने विचारायचं. तुम्ही कंपनीला फोन करू नका.